खुर्चीत आपला माणूस बसला, पुढं काय?

दक्षिण अमेरिकेच्या मधोमध बोलिव्हिया नावाचा देश आहे. त्याला समुद्र नाही. होता, तो चिलीनं १८७९ साली सुरू झालेल्या लढाईत हिसकावला. पश्चिमेला अँडीज डोंगराच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये बारा-तेरा हजार फूट उंचीवर वाऱ्यानं झोडपलेलं उघडंबोडकं पठार. त्याला अल्तिप्लानो म्हणतात. आयमारा आणि केचुआ बोलणारे लोक तिथं पिढ्यान् पिढ्या बटाटा पिकवतात, लामा राखतात. पठाराच्या कडेला एक खोल दरी आहे. त्या दरीत ला पाझ शहर. सरकार तिथं बसतं.

या शहरात श्रीमंत खाली राहतो आणि गरीब वर. दरीच्या तळाला ऊब आहे, झाडं आहेत, श्वास घ्यायला बरी हवा आहे. वर काठावर, चार हजार मीटरवर, एल आल्तो नावाची कष्टकऱ्यांची वस्ती वाढत वाढत दहा लाखांच्या घरात जाणारं शहर झाली. आपल्याकडं वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याचं घाण पाणी येतं तिथं. त्यांच्याकडं वस्ती थंडी कापते तिथं, वर. दिशा कोणतीही असो, कुणी कुठं राहायचं हे ठरवणारे दोन्हीकडं एकाच जातकुळीचे.

हा दूरचा देश आज संपादकीयात कशाला, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. २२ जानेवारी २००६ ला या देशात इव्हो मोरालेस नावाचा आयमारा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. लहानपणी लामा राखणारा, पुढं कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेतून वर आलेला. जगभरच्या पिचलेल्या माणसांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. आणि १७ ऑगस्ट २०२५ ला त्याच पक्षाच्या उमेदवाराला शंभरात जेमतेम तीन मतं पडली. वीस वर्षं पुरी व्हायच्या आत हे झालं. प्रस्थापित हसताहेत: बघा, यांच्या हातात राज्य दिलं की असंच होतं. आपल्यातले काही म्हणताहेत, सगळं अमेरिकेचं कारस्थान. दोन्ही उत्तरं आळशी माणसाची आहेत. म्हणून हिशोब पहिल्यापासून मांडू.

१५४५ साली पोटोसीच्या डोंगरात स्पॅनिशांना चांदी सापडली. १५७० नंतर तोलेदो नावाच्या व्हाइसरॉयनं 'मिता' लावली. पठारावरच्या गावांनी दर सात पुरुषांमागं एक खाणीत पाठवायचा, वर्षभरासाठी. माणसं बायकापोरांसकट, लामांवर बटाटे लादून कित्येक दिवस चालत पोटोसीला जायची. किती परत आली याची कुणाला फिकीर नव्हती. युरोपच्या तिजोऱ्या ज्या चांदीनं भरल्या त्या चांदीला पाऱ्याचा आणि फुटलेल्या फुप्फुसांचा वास आहे. ही वेठ कायद्यानं १८१२ साली बंद झाली, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनी.

लोक गप्प बसले नव्हते. १७८१ साली तुपाक कातारी आणि त्याची बायको बार्तोलिना सिसा यांनी याच काठावरून ला पाझला वेढा घातला. दोन खेपांत मिळून सहा महिने खाली धान्याचा दाणा जाऊ दिला नाही. शेवटी फितुरी झाली. १५ नोव्हेंबर १७८१ ला कातारीचे हातपाय चार घोड्यांना बांधून त्याला फाडला. पुढच्या वर्षी सिसाला मारलं. मरताना तो 'मी परत येईन आणि लाखोंनी येईन' असं म्हणाला, असं पठारावर आजही सांगतात. म्हणाला की नाही याचा पुरावा पंडितांनी शोधावा. लोकांनी ते वाक्य आपलं केलं आणि ते लाखोंनी आले, एवढं खरं.

१८२५ साली देश स्वतंत्र झाला. कुणाचा? स्पेनच्या राजाच्या जागी इथंच जन्मलेले गोरे जमीनदार बसले. 'इंदिओ' म्हणून जो वेगळा कर आयमारा-केचुआंच्या डोक्यावर होता तो एकदा रद्द झाला आणि वर्षभरात परत बसला. त्याच करावर प्रजासत्ताकाची तिजोरी चालली. १८७४ साली कायदा करून त्यांची सामाईक जमीन मोडीत काढली. तुकडे पाडा, कागद करा, विका. कागद वाचता येत नव्हता त्याची जमीन गेली. ज्याची जमीन गेली तो हासिएन्दावर, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यावर 'पोंगो' झाला. आठवड्यातले कित्येक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं, पाळी आली की मालकाच्या घरी दाराशी झोपून घरकाम करायचं. मालकाला नको असेल तेव्हा तो आपला पोंगो दुसऱ्याला भाड्यानं द्यायचा. तशा जाहिराती वर्तमानपत्रांत छापून यायच्या. इंदिओनं पदपथावर चालायचं नाही, सरकारी चौकात पाय ठेवायचा नाही, ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. स्पॅनिशमध्ये तिला वेगळं नाव नव्हतं. आपल्याला ते नाव सांगायची गरज नाही.

आता सरकार आणि लोक या नात्याकडं येऊ, कारण खरी गोम तिथं आहे.

पठारावरच्या लोकांनी दुसऱ्यांच्या सरकारावर विश्वास टाकून पाहिला. १८९९ साली उदारमतवादी आणि सनातनी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली. उदारमतवाद्यांनी पाब्लो साराते विल्का या आयमारा पुढाऱ्याला हाक दिली: लढा, जमिनी परत देतो. विल्काची माणसं लढली, उदारमतवादी जिंकले. जिंकल्याबरोबर विल्काला तुरुंगात डांबलं. जमीन परत द्यायची राहिली बाजूलाच, त्यांच्याच राजवटीत उरलेल्या जमिनी झपाट्यानं गिळल्या गेल्या.

१९३१ साली आवेलिनो सिन्यानी या आयमारा शिक्षकानं एलिसार्दो पेरेस यांच्या बरोबरीनं वारिसाता गावात आपल्या लोकांसाठी शाळा काढली. गावानं स्वतः विटा पाडून भिंती उभ्या केल्या. पोंगोचं पोर वाचायला लागलं तर उद्या दाराशी झोपणार कोण? १९४० साली शाळा मोडून टाकली. १९४५ साली राष्ट्राध्यक्ष व्हियारोएलनं देशभरच्या आदिवासी प्रतिनिधींची परिषद भरवली आणि पोंगोची वेठ बंद केल्याचा हुकूम काढला. पुढच्या वर्षी, २१ जुलै १९४६ ला, जमावानं त्याला ठार करून राजवाड्यासमोरच्या चौकात दिव्याच्या खांबाला टांगलं. त्याच्यावर इतरांचेही राग होते, तो काही संत नव्हता. पण खांबावर त्याच्याबरोबर तो हुकूमही टांगला गेला. वेठ पुन्हा सुरू.

एप्रिल १९५२ मध्ये क्रांती झाली. खाणकामगारांनी डायनामाइटच्या कांड्या घेऊन फौज हरवली. खाणी सरकारजमा झाल्या. मत देण्यासाठी लिहिता-वाचता येण्याची अट गेली. १९५१ च्या निवडणुकीत सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली होती, १९५६ ला साडेनऊ लाखांच्या पुढं गेली. जमिनीचा कायदा १९५३ साली आला. तोही शेतकऱ्यांनी आधीच जमिनी ताब्यात घेतल्या होत्या म्हणून आला. हे मोठं काम होतं. ते नाकारणारा करंटा.

पण त्याची किंमत वसूल झाली. 'इंदिओ' शब्द सरकारनं पुसला आणि त्या जागी 'शेतकरी' लिहिलं. वरून सन्मान वाटतो. आतून काय झालं? तुमची भाषा, तुमचा इतिहास, तुमच्या अंगावरचे चारशे वर्षांचे वळ, सगळं एका शब्दात पुसलं. शेतकरी म्हणून या, जमिनीचा कागद घ्या, मत द्या, गप्प बसा. शेतकरी संघटनांचे पुढारी सरकारी पगारावर गेले. १९६४ नंतर लष्करानं राज्य घेतलं आणि याच संघटनांशी 'लष्कर-शेतकरी करार' केला. खाणकामगार मारले जात होते तेव्हा शेतकऱ्यांचे पुढारी सेनापतीच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेत होते. मग जानेवारी १९७४ मध्ये भाववाढीविरुद्ध कोचाबाम्बाचे केचुआ शेतकरी रस्त्यावर बसले. त्याच मित्र लष्करानं तोलाता आणि एपिसानाला त्यांच्यावर रणगाडे घातले. करार संपला. हुजऱ्याला कळायला दहा वर्षं लागली, गोळीला एक सकाळ पुरली.

त्यातूनच नवी पोरं उभी राहिली. शहरात शिकायला आलेली, वर्गात 'इंदिओ' म्हणून थुंकून घेतलेली आयमारा पोरं. फाउस्तो रेइनागानं १९७० च्या सुमारास इंडियन क्रांतीचं पुस्तक लिहिलं: गोऱ्यांच्या उजव्यांनी आम्हाला लुटलं आणि गोऱ्यांच्या डाव्यांनी आम्हाला फक्त वर्ग म्हणून मोजलं, असा त्याचा रोख. १९७३ साली तिवानाकूचा जाहीरनामा निघाला. आम्ही पिळलेला वर्ग आहोत आणि तुडवलेली जमातही आहोत, दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय दिसणार नाही, हा त्याचा गाभा. सत्तरीच्या त्याच वर्षांत आपल्याकडची पोरं काय बोलत होती ते आठवा. कुणी कुणाला पत्र पाठवलं नव्हतं. १९७९ साली हेनारो फ्लोरेस याच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचा स्वतंत्र महासंघ उभा राहिला, सरकारी नाळ तोडून.

बायका मागं नव्हत्या. डिसेंबर १९७७ च्या अखेरीला खाणवस्तीतल्या चार बायका पोरांना घेऊन ला पाझमध्ये उपोषणाला बसल्या. बान्सेर या लष्करशहाची सत्ता होती. चारच्या हजारावर झाल्या. जानेवारीत लष्करशहानं गुडघे टेकले, राजकीय कैद्यांना आणि हद्दपारांना माफी दिली. ज्यांच्या हातात बंदूक नव्हती, मत नव्हतं, त्यांनी हे केलं.

ही ताकद येते कुठून? पठारावर 'आयल्यू' नावाची जुनी गावपद्धत आहे. जमीन, पाणी, कुरण यांचा कारभार गाव सभेत करतं. पुढारपण पाळीनं येतं. आज माझ्या घराची पाळी, पुढच्या वर्षी तुझ्या. नवराबायको मिळून पद सांभाळतात. त्यात पैसा मिळत नाही, पदरचा जातो. पाळी संपली की काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि आपल्या बटाट्याच्या शेतात परत जायचं. या पद्धतीला सोन्याचा मुलामा द्यायची गरज नाही. तिथं भांडणं आहेत, बायकांचा आवाज अनेकदा दबतोच. पण पुढारी कुणाचा बाप होत नाही, ही तिची खरी कमाई.

१९८५ साली सरकारनं २१०६० नंबरचा हुकूम काढला आणि सरकारी खाणींतले वीस हजारांवर कामगार घरी बसवले. सही कुणाची? व्हिक्टर पाझ एस्तेनसोरोची. १९५२ ला ज्यानं खाणी सरकारजमा केल्या, तोच माणूस! उठलेले खाणकामगार एल आल्तोला आले. त्यांनी युनियनची शिस्त आणली, खेड्यातून आलेल्यांनी आयल्यूची पाळी आणली. गल्लीगल्लीत शेजारसभा झाल्या. पाण्यासाठी, विजेसाठी, शाळेसाठी.

ऑक्टोबर २००३ मध्ये गोन्झालो सांचेस दे लोसादाच्या सरकारनं चिलीच्या बंदरातून गॅस परदेशी धाडायचा घाट घातला. एल आल्तोच्या गल्ल्यांनी पाळीपाळीनं रस्ते अडवले. दोन शतकं उलटून गेली होती, पण काठ तोच आणि वेढाही तोच. लष्करानं गोळ्या घातल्या, साठाहून जास्त माणसं मेली. लोक हटले नाहीत. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष अमेरिकेला पळाला. त्याला कुठल्या एका पुढाऱ्यानं पळवला नव्हता, गल्लीनं पळवला होता. मोरालेस राष्ट्राध्यक्ष झाला तो या वेढ्याच्या जोरावर, हे पक्कं ध्यानात ठेवा.

त्याच्या सरकारनं काय केलं ते प्रामाणिकपणे लिहू. १ मे २००६ ला गॅसवर देशाचा ताबा आणला. आलेला पैसा शाळकरी पोरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना दिला. २००६ ला शंभरातले सुमारे साठ जण गरीब होते, २०१९ पर्यंत चाळीसच्या खाली आले. कासिमिरा रोड्रिगेस ही लहानपणापासून लोकांच्या घरी धुणीभांडी केलेली केचुआ बाई न्यायमंत्री झाली. २००९ च्या घटनेनं छत्तीस आदिवासी भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीनं राजभाषा केलं, सात रंगांच्या विफालाला राष्ट्रध्वजाशेजारी लावलं. घेरदार झगा आणि डोक्यावर टोपी अशा पोशाखातली बाई, जिला पूर्वी कचेरीच्या दारातून हाकलत, ती संसदेत बसली. याला कुणी प्रतीकांचं राजकारण म्हणून नाक मुरडत असेल तर त्याच्या आईला कधी दारातून हाकललेलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

मग घाण कुठं झाली? चळवळ सरकारात गेली आणि सरकार चळवळीच्या छातीवर बसलं.

२०११ साली सखल जंगलातल्या आदिवासींनी आपल्या राखीव मुलखातून जाणाऱ्या रस्त्याला विरोध केला, पायी मोर्चा काढला. पठारावरच्या आयल्यू महासभेचे लोकही त्यात होते. २५ सप्टेंबरला चापारिना इथं त्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, बायापोरांची तोंडं बांधली. पोलीस कुणाचे? आपल्या माणसाच्या सरकारचे. दोन-तीन वर्षांत त्या महासभेचीच फूट पाडली आणि तिचं ला पाझमधलं कार्यालय सरकारधार्जिण्या गटानं बळकावलं. २०१५ साली आदिवासी विकास निधीतला घोटाळा फुटला. न झालेल्या कामांचे पैसे पुढाऱ्यांच्या खात्यात. १९६४ च्या करारात जे लष्करानं केलं तेच आता आपल्या झेंड्याखाली झालं: पुढारी पगारावर, सभा फुटलेली.

आणि पाळी? घटना म्हणत होती, सलग दोनच वेळा. २१ फेब्रुवारी २०१६ ला मोरालेसनं लोकांना विचारलं, मला आणखी एकदा उभं राहू द्याल का? लोकांनी थोडक्या मतांनी का होईना, नाही म्हणून सांगितलं. २०१७ साली त्यानं न्यायालयाकडून हो म्हणवून घेतलं. २०१८ साली जुन्या राजवाड्यामागं काचेचा उंच मनोरा बांधून त्याला 'लोकांचं मोठं घर' नाव दिलं. ज्या लोकांत काठी वर्षानं दुसऱ्याच्या हातात जाते, त्या लोकांचा माणूस काठी सोडेना. हा गोऱ्यांच्या लोकशाहीचा नियम मोडला असं कुणी म्हणो. त्याआधी त्यानं आपल्या आयल्यूचा नियम मोडला.

शत्रू टपून होताच. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या निवडणुकीवरून रण पेटलं, पोलिसांनी बंड केलं, लष्करानं राजीनामा सुचवला, १० नोव्हेंबरला मोरालेस गेला. जेनिन आन्येस बायबल घेऊन राजवाड्यात शिरली. पोलिसांनी गणवेशावरची विफाला कात्रीनं कापली, रस्त्यात ती जाळली गेली. १५ नोव्हेंबरला साकाबात आणि १९ ला एल आल्तोच्या सेन्काता भागात मिळून किमान वीस माणसं मारली. आन्येसला पुढं २०२२ साली शिक्षा झाली ती सत्ता बळकावल्याबद्दल. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली आणि ती सुटली. सेन्काताच्या आया अजून न्याय मागताहेत. व्यवस्था कात्री कधीच टाकून देत नाही, खिशात ठेवते.

पण पुढचं बघा. मोरालेस अर्जेंटिनात. पुढारी नाही, सरकार नाही, वर महामारी. आन्येस निवडणूक पुढं ढकलत राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये लोकांनी पुन्हा पाळीपाळीनं देशभर रस्ते अडवले आणि तारीख पक्की करून घेतली. १८ ऑक्टोबरला त्याच पक्षाचा लुईस आर्से पंचावन्न टक्क्यांनी निवडून आला. पुढाऱ्याशिवाय लोक जिंकले. मोरालेसनं यातून काय शिकावं? त्यानं परत येऊन आर्सेशी खुर्चीसाठी भांडण मांडलं. गॅसचं उत्पादन घसरत गेलेलं, डॉलर आटलेले, डिझेलसाठी ट्रकवाले रात्ररात्र रांगेत, आणि वर आपलेच दोघे एकमेकांचे गळे धरून. घटनेच्या कारणानं मोरालेसला उभं राहता आलं नाही तेव्हा त्यानं मत बाद करा अशी हाक दिली. जवळपास पाचातलं एक मत बाद झालं. ज्या एल आल्तोनं २००३ ला रक्त सांडलं, त्यानंच माजी राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला, रॉड्रिगो पाझला, भरभरून मतं दिली. ८ नोव्हेंबर २०२५ ला त्यानं शपथ घेतली.

एल आल्तोला गद्दार म्हणू नका, दोस्तहो. रांगेत उभा राहिलेला माणूस गद्दार नसतो. त्यानं एक सरकार काढलं, एवढंच. पुढचं काढायचं असेल तर तेही काढील. प्रश्न एवढाच, की काढल्यावर ठेवायला त्याच्याकडं आपली सभा उरली आहे का?

पोटोसीच्या मुलखात आता उयुनीच्या मिठाच्या पठाराखाली लिथियम आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. चांदी गेली, कथील गेलं, गॅस आटला. आता लिथियमसाठी गिधाडं घिरट्या घालताहेत. राजवाड्यात कोण बसलंय यावर ते वाचणार नाही. ज्या गावांच्या पाण्यावर ते उपसलं जाणार आहे, त्या गावांची सभा जागी आहे का, यावर ठरेल.

बाबासाहेबांनी आपल्याला शासनकर्ती जमात व्हायला सांगितलं. जमात म्हणाले ते. एका माणसाला खुर्चीत बसवून बाकीच्यांनी त्याच्या गाडीमागं धावावं, असं ते म्हणाले नाहीत. आपल्याकडं एका निळ्या झेंड्याचे किती तुकडे झाले, मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. प्रत्येक तुकड्यामागं एक खुर्ची आहे, आमदारकीची, महामंडळाची, गेला बाजार एखाद्या समितीची.

म्हणून पठारावरच्या भावाबहिणींकडून घ्यायचं ते एवढंच. सत्ता घ्या, जरूर घ्या. सत्ता नको म्हणणारा भुकेल्याला उपास शिकवतो. पण वस्तीची सभा सरकारात विलीन करू नका. पुढाऱ्याला पाळी लावा. पाळी संपली की काठी मागून घ्या, आणि देत नसेल तर काढून घ्या, मग तो आपल्या रक्ताचा का असेना. हे काम राजधानीत होत नाही. ते आपल्या गल्लीत होतं, आणि आज रात्री सुरू करता येतं.